लाल तांदळाचं विरजण

मीरा रोड
१२ जून २०२३

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र काल मिळालं. डाव्या कानामागोमाग उजवाही गेला हे वाचून वाईट वाटलं. पण आता आपण भांडायचं ते पत्रातूनच, याची गंमतही वाटली. मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आणि तुम्ही जन्मभर चिपळूणच्या पोस्टात. तुमचे दादा म्हणतात, शेवटी पोस्ट जिंकलं. व्हॉट्सॲप तर तुम्हाला काचेवर बोट घासणं वाटतं. मग घ्या, लिहितेय चांगली लांबलचक.

दादांचं कोलेस्टेरॉल पुन्हा वर गेलंय. डॉक्टरांच्या गोळीने पोटऱ्या दुखतात म्हणून या गृहस्थांनी महिनाभर गोळ्या मनीप्लांटच्या कुंडीत पुरल्या. मी ओरडले तर म्हणाले, "सुगंधा, मनीप्लांटचं कोलेस्टेरॉल बघ, एकदम नॉर्मल असेल." अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

तर त्यावर उपाय सापडलाय. आमच्या चौथ्या मजल्यावर ममता राहते. ती योगाच्या क्लासला जाते, तिथल्या बाईंनी तिला लाल तांदूळ करायला शिकवला. आपला कोकणातला लाल तांदूळ नव्हे हो. हा साधा पांढराच, पण त्याच्यावर एक ठरावीक बुरशी वाढवायची. नाक मुरडू नका, आधी पुरतं वाचा. चीनमध्ये म्हणे पूर्वापार खातात. तांदूळ भिजवून अर्धाकच्चा वाफवायचा, गार करून त्याला बुरशीची पूड हाताने चोळायची, ट्रेमध्ये पसरायचा आणि वर ओलं मलमलचं फडकं टाकायचं. आधी गुलाबी होतो, मग कुंकवासारखा लालभडक. गच्चीवर वाळवायचा, मिक्सरला फिरवायचा आणि रोज सकाळी एक चमचा ताकातून घ्यायचा. ममताच्या सासऱ्यांचं कोलेस्टेरॉल एकदम खाली आलं.

मी लगेच केबिन रोडवरून ट्रे आणले आणि माळ्यावर ठेवले. पहिल्याच खेपेला असा रंग चढला की ममता बघत राहिली. "आंटी, मेरा तो ऐसा कभी नहीं हुआ," म्हणाली. इथली हवाच तशी आहे, खाडीची. कपाटात चपला ठेवल्या तरी हिरव्या होतात, मग मी मुद्दाम लावलेली का नाही वाढणार?

आणि ऐका, त्या पुडीवर काय लिहिलंय! 'एकदाच वापरा. तयार झालेला तांदूळ पुढच्या खेपेला लावू नका. दर वेळी नवी पुडी घ्या.' मी म्हटलं, हे सगळे कंपनीवाल्यांचे धंदे. आपण विरजण कधी विकत आणलंय का? लग्नात आईने दिलेलं विरजण मी लालबागहून मीरा रोडला आणलं, अजून त्याचंच दही लागतंय. म्हणून मी पहिल्या खेपेतला वाटीभर बाजूला काढला आणि तोच दुसऱ्या खेपेला लावला. झकास झाला! आता ममतासुद्धा माझ्याकडूनच नेते. तळमजल्यावरच्या नेतात, बी विंगमधल्या नेतात. मागायला आलेल्याला विरजण नाही म्हणायचं नसतं, हे मी नवी नवरी असताना तुम्हीच मला सांगितलं होतंत.

सोबत एक डबी पाठवलीय. तुमचंही वाढलंय, असं दादांनी सांगितलं. एक चमचा, ताकातून. विसरू नका.

तुमची वहिनी
सुगंधा


चिपळूण
१ जुलै २०२३

प्रिय वहिनी,

डबी पोचली. उघडली तर भिजलेल्या गोणपाटासारखा वास. सूनबाई म्हणाली, "आई, हा रंगपंचमीचा उरलेला का?" नीलेश तर स्वयंपाकघरातून बाहेरच पळाला. आजवर भाताला बुरशी आली की आपण तो फेकत आलो आणि आता तू ती वाढवून घरोघर वाटतेयस! पोस्टात असताना मी जिवंत खेकड्यांचं पार्सल करायला आलेला दशरथ पाहिला होता. बुरशीचं पार्सल मात्र पहिलंच.

मी बाई काही हे खाणार नाही. तुझ्या हातचं आहे म्हणून फडताळात ठेवलंय, इतकंच.

थट्टा राहू दे. दादाला देण्याआधी डॉक्टरांना विचार. आमच्या घराण्यात किडन्या नाजूक. आई शेवटी कशी सुजली होती ते तू पाहिलंयस, तिचं अंग तूच पुसायचीस. दादाला हे सांगितलं तर तो हसेल, म्हणून तुला लिहितेय.

आणि त्या मनीप्लांटला पाणी जरा बेताने घाल, त्याच्या पोटऱ्या दुखत असतील.

तुझी
हंसा


मीरा रोड
२० जानेवारी २०२४

प्रिय वन्सं,

तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि आता हार माना. दादांचं कोलेस्टेरॉल एकदम नॉर्मल आलंय! डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "बघा, गोळीने काम केलं की नाही?" आम्ही दोघांनी मुकाट माना डोलावल्या. बाहेर येऊन लिफ्टमध्ये इतके हसलो की वॉचमनने विचारलं, काका, लॉटरी लागली का?

नाही, डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं की ते नको म्हणणार, हे काय मला माहीत नाही? आणि तुमच्या आईंचं वेगळं होतं, त्यांना बीपी होतं, त्या औषधं घेत नव्हत्या. उगाच मनात काही आणू नका.

माझं विरजण आता आमच्या कॉम्प्लेक्सभर झालंय. बायका जिन्यात भेटल्या की म्हणतात, "सुगंधाकाकी, तुमचा तांदूळ म्हणजे तुमचाच." मी स्वतः खात नाही, मला तो आंबट पडतो, छातीत जळजळतं. पण करायला मला फार आवडतं. सकाळी उठून फडकं उचलायचं आणि रंग कुठवर आलाय ते बघायचं. रिटायर झाल्यापासून कुणी माझी अशी वाट बघत नव्हतं, वन्सं. हल्ली रंग जरा नारिंगीकडे झुकतोय. विरजण मुरलं की तेज होतं, तसंच असणार.

दादा आता दोन चमचे घेतात. संध्याकाळी पाय थोडे सुजतात, पण दिवसभर टीव्हीपुढे पाय खाली सोडून बसलं की सुजणारच. तुम्हाला नवी डबी हवी का? पहिली फडताळात सडली असेल.

सुगंधा


चिपळूण
८ फेब्रुवारी २०२४

प्रिय वहिनी,

हार मानली. दादाला सांग, मनीप्लांटलाही एक चमचा दे.

पण त्याच्या पायांचं मला आवडलं नाही. पाय सुजतात ते टीव्हीने नाही. त्याला डॉक्टरकडे ने, आणि लिफ्टमध्ये हसायला नको, आत बसून सगळं खरं सांग. मी लांब आहे म्हणून पत्रात ओरडतेय, जवळ असते तर त्याला हाताला धरून नेलं असतं.

डबी पाठव. मला नको, शेजारच्या विठूच्या आईला हवीय. मी तिच्याजवळ तुझं कौतुक केलं, आता ती मागे लागलीय. जरा मोठीच पाठव.

तुझी
हंसा


मीरा रोड
२९ ऑगस्ट २०२४

वन्सं,

इतके महिने लिहिलं नाही. तुम्ही दोनदा विचारलंत, मी 'सगळं ठीक' एवढंच कार्ड टाकलं. ते ठीक नव्हतं.

एप्रिलपासून दादांचं जेवण गेलं. तोंडाला चव नाही, सारखी मळमळ, अंगाला खाज. मी म्हटलं उन्हाळा आहे. मे महिन्यात चेहरा सुजला. मी म्हटलं झोप झाली नसेल. आणि तो तांदूळ मी चालूच ठेवला होता. नुसता चालू नाही, ताकात जास्त घालत होते, कारण माझ्या डोक्यात ते औषध होतं. जुलैमध्ये एका सकाळी त्यांना मोरी कुठे आहे ते आठवेना. उलटीत रक्त पडलं. रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये नेलं तर सरळ डायलिसिसवर घेतलं. दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्यात.

तिथल्या डॉक्टर ट्रिशा मॅडम उत्तनच्या आहेत, नीलेशच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "काकी, घरात काही नॅचरल, आयुर्वेदिक, काढा, पावडर असं चालू आहे का?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, लाल तांदूळ, घरचा, शुद्ध. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, डब्यातला थोडा आणून द्या, तपासायला पाठवते.

रिपोर्ट आला. त्या बुरशीच्या पोटात एक विष तयार होतं, सिट्रिनिन म्हणतात. ते किडनीवर बसतं. चांगल्या जातीची बुरशी नीट वाढवली तर ते कमी असतं किंवा नसतं. पण एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी घरी वाढवत गेलं की दुसऱ्याच बुरश्या आत शिरतात, आणि कोण काय तयार करतंय ते डोळ्यांना दिसत नाही. वास नाही, चव नाही. शिजवूनही पुरतं जात नाही. माझ्या डब्यात ते भरपूर होतं. मॅडम म्हणाल्या, "यांना बीपी होतं, घराण्यात किडनीचा त्रास आहे, सगळा दोष तांदळाचाच असं मी लिहून देऊ शकत नाही, काकी. पण हे शरीर आधीच काठावर होतं आणि रोज थोडं थोडं ढकललं गेलं." ढकललं कुणी ते त्यांनी सांगितलं नाही. चांगली मुलगी आहे.

त्या दिवशी घरी येऊन मी माळ्यावरचं सगळं खाली ओतलं, ट्रे भंगारात दिले. मग दारोदार गेले. ए विंग, बी विंग. म्हटलं, माझं विरजण फेका, त्यात विष आहे. तळमजल्यावरच्या म्हणाल्या, काकी, टेन्शनमुळे तुम्हाला असं वाटतंय. ममता म्हणाली, "आंटी, हमारे पप्पाजी तो एकदम फिट हैं. हमको कुछ नहीं हुआ." एकीने तर दारातूनच हात जोडले. विरजण द्यायला गेले होते तेव्हा सगळ्यांनी आत बसवून चहा दिला होता.

वन्सं, खरं सांगा. तुम्ही तो खाल्लात का? विठूच्या आईला आजच्या आज बंद करायला सांगा.

सुगंधा


चिपळूण
५ सप्टेंबर २०२४

वहिनी,

मी कशाला खाते? विठूच्या आईला बंद करायला सांगितलं, डबी नाल्यात टाकली. माझी काळजी सोड.

आता नीट वाच. नीलेशने इथल्या डॉक्टरांना विचारलं. भावाला सख्खी बहीण किडनी देऊ शकते. दादाचा आणि माझा रक्तगट एकच आहे, लहानपणी त्याला रक्त लागलं तेव्हा तपासला होता. तुला डायबेटिस, म्हणजे तुझी घेणार नाहीत, मूलबाळ तुम्हाला नाही. मग राहिलं कोण? मीच. मला किडन्या दोन आहेत आणि भाऊ एकच. नीलेशला मुंबईच्या हॉस्पिटलची चिठ्ठी आणायला सांगितलीय, तपासण्या इकडेच सुरू करते.

तुझ्यावर ओरडायचं आहे, पण त्याला वेळ आहे. आधी माणूस उभा करू, मग आपण दोघी भांडू. दादाला म्हणावं, हंसी येतेय.

हंसा


मीरा रोड
२ ऑक्टोबर २०२४

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मी त्यांना चार वेळा वाचून दाखवलं. पहिल्यांदा म्हणाले, नको, हंसीला हात लावायचा नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, पुन्हा वाच. तिसऱ्यांदा म्हणाले, लहानपणी माझ्या वाटणीचे बोंबील खायची, एक किडनी तरी देणं लागतेच ती. आणि रडले. वन्सं, लग्नानंतर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

आता दिवसभर त्याचंच चाललंय. पाणी मोजून प्यायचं म्हणून बर्फाचा खडा तोंडात धरून बसतात आणि 'नंतर' काय काय प्यायचं ते सांगतात. शहाळं, उसाचा रस, सोलकढी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आल्यावर नुसते पडून असतात, पण तुमचं नाव काढलं की डोळे उघडतात. शेजारच्या खुर्चीवर मोरव्याचे एक रॉबर्ट म्हणून असतात, त्यांनाही सांगून झालं, "माझी बहीण येणाराय."

मी तुमच्यासाठी आतली खोली लावलीय. गादी नवी भरून घेतली. तुमच्या पायावर डोकं ठेवायला मला लाज वाटेल आणि तुम्ही ठेवू देणार नाही, तरी ठेवणार आहे. तपासण्यांचं काय झालं? लवकर लिहा. तुम्ही आमच्या घराला पुन्हा घर करताय.

सुगंधा


चिपळूण
११ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

लिहायला उशीर झाला. मी येणार नाही. मला किडनी देता येणार नाही.

तपासण्या करायला गेले आणि भीती वाटली. कापाकापी माझ्याने होणार नाही. नीलेशही नको म्हणतोय, आणि सूनबाईला दिवस गेलेत, नातवंडाचं तोंड मला बघायचंय. माझंही वय झालं. एका किडनीवर पुढे काय झालं तर मला कोण बघणार? मी आधी बोलले ते भावनेच्या भरात. तू समजून घेशील. दादालाही समजाव, तब्येतीचं काही कारण सांग. रागावू नका. मला अजून जगायचंय. कृपा करून मला पुन्हा विचारू नकोस.

हंसा


मीरा रोड
२० नोव्हेंबर २०२४

हंसाताई,

पत्र मिळालं. पुन्हा विचारणार नाही.

चूक माझी होती, ती मी कधीच नाकारली नाही. माझ्यावर तुम्ही थुंकला असता तरी मी पदर पुढे केला असता. पण त्या माणसाने काय केलं होतं? तुमच्या मिस्टरांच्या आजारपणात रजा टाकून महिनाभर चिपळूणला कोण राहिलं होतं? नाही म्हणायचं होतं तर सप्टेंबरातच म्हणायचं होतंत. तेव्हा मोठ्या तोंडाने 'हंसी येतेय' कशाला? आधी आशा दाखवायची आणि मग नातवंडाचं तोंड!

तुमचं पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. एक शब्दही गाळला नाही. त्यांनाही कळू दे.

जगा तुम्ही. भरपूर जगा.

सुगंधा


मीरा रोड
९ मार्च २०२५

वन्सं,

हे गेले त्याला आता महिना होईल. नीलेशने तुम्हाला सांगितलंच आहे. नळी बसवली होती तिथे जंतू शिरले, ताप आला आणि रक्तात पसरला. ट्रिशा मॅडम शेवटपर्यंत उभ्या होत्या. त्रास झाला, खोटं लिहीत नाही. पाणी मागत होते.

नोव्हेंबरातलं एक तुम्हाला सांगायचं राहिलंय. तुमचं पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा ते रागावले नाहीत. पत्र माझ्याकडून मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. चष्मा काढून म्हणाले, "हंसी घाबरत नाही. पुरात पोस्टाच्या थैल्या छातीएवढ्या पाण्यातून बाहेर काढणारी बाई आहे ती." मग मला विचारलं, "तू तिला तांदूळ पाठवत होतीस ना?" मी म्हटलं, त्या कुठे खात होत्या, शेजारणीला द्यायच्या. तर म्हणाले, "हंसीने कुणाच्या हातचं टाकलेलं मी पाहिलं नाही." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मला तेव्हा कळलं नाही, असं लिहिणार होते. पण मी कळू दिलं नाही. मला कुणावर तरी चिडायला हवं होतं आणि तुम्ही आयत्या सापडला होतात. त्यानंतर त्यांचं लक्ष उडालं. डायलिसिसला निघायची वेळ झाली की म्हणायचे, आज राहू दे. बर्फ मागायचे नाहीत. शहाळ्याचं नाव काढलं नाही. मला वाटलं बहिणीने तोडलं म्हणून. तसं नव्हतं. आपल्यामागोमाग बहीणही त्याच वाटेने येतेय, हे त्यांना समजलं होतं.

दहाव्याला नीलेश एकटा आला. मी सगळ्यांसमोर त्याला टोमणा मारला, सख्ख्या भावाच्या दहाव्यालाही तुझ्या आईला सवड नाही का रे? तो खाली बघून म्हणाला, "मामी, आज शुक्रवार आहे. मंगळवार आणि शुक्रवार आईला कुठेच जाता येत नाही." एवढंच बोलला. पण ज्या घरात सात महिने डायलिसिसच्या वारांवर सगळं चाललं, त्या घरातल्या बाईला आणखी काय सांगायला हवं? 

तुम्ही भ्यालात म्हणून नकार दिला नव्हता. तुमच्याही किडन्या गेल्या होत्या. माझ्या डबीने. आणि ते मला कळू नये म्हणून तुम्ही स्वतःला स्वार्थी ठरवून घेतलंत. मी तुम्हाला लिहिलं, भरपूर जगा.

वन्सं, खरं काय ते एकदा तुमच्या हाताने लिहा. माफ करा असं कुठल्या तोंडाने म्हणू? तरी म्हणते. परवा लिफ्टमध्ये तळमजल्यावरची नवी सून भेटली. हातात झाकलेला ट्रे होता. मला म्हणाली, "काकी, तुमचंच आहे ना हे? फार मस्त लागतं." मी तिच्या हातातून तो हिसकावला आणि आपटला. आता सेक्रेटरी म्हणतात, सुगंधाबाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. विरजण कुणीही फेकलेलं नाही. या घरातून त्या घरात चाललंच आहे.

सुगंधा


चिपळूण
१८ मार्च २०२५

वहिनी,

हो. तू विचारलंस म्हणून लिहितेय, नाहीतर हे लिहिणार नव्हते.

पहिल्या डबीपासून खात होते. तुझी थट्टा करून पत्र पेटीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताकात एक चमचा घातला. तू एवढ्या हौसेने केलेलं, टाकणार कसं? माझंही कोलेस्टेरॉल उतरलं. दिवाळीला रिपोर्टच पाठवून तुला चकित करायचं ठरवलं होतं. विठूच्या आईला मी कणभरही दिला नाही, तेवढं एक बरं झालं. तुझं ऑगस्टचं पत्र आलं त्या दिवशी बंद केला. अंगात काहीच होत नव्हतं, म्हणून वाटलं आपण वाचलो, तुला कशाला सांगा. किडनी द्यायला गेले तेव्हा इथले डॉक्टर म्हणाले, बाई, देताय कसली, तुम्हालाच लागेल.

मला त्या वेळी माझी भीती वाटली नाही. हे तुला कसं सांगायचं याची वाटली. एकाच्या दुखण्याने तू पार वाकली होतीस, दुसऱ्याचं कुठे ठेवलं असतंस? म्हणून भित्री झाले. भित्र्या नणंदेचा राग करून माणूस जगू शकतो, असं मला वाटलं. तू ते दादाला वाचून दाखवशील हे माझ्या लक्षातच आलं नाही. आपल्या घरी आलेलं पत्र नेहमी मोठ्यानेच वाचतात. जन्मभर पत्रं वाटली आणि एवढं साधं कळलं नाही. त्याला ते माझ्यामुळे समजलं, वहिनी. ते ओझं माझ्याकडे राहिलं.

नीलेश स्वतःची किडनी देतो म्हणतो. मी घेणार नाही. त्याच्याही अंगात माझ्या आईचंच रक्त आहे आणि त्याला आता मूल होईल. दुसरं कुणी नाही. किती दिवस काढायचे ते डॉक्टर सांगत नाहीत, मी विचारतही नाही.

'मी तुझ्यावर रागावले नाही' असं दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं, कारण ते खरं नाही. मला राग येतो. मशीनला लावून पडलेली असते तेव्हा तुझाच येतो. तुझ्या माळ्याचा, तुझ्या हौसेचा, त्या पुडीवर स्पष्ट लिहिलेलं असताना तू हसलीस त्याचा. मग वाटतं हे सगळं दादाला सांगावं, तो तुला असं काही चिडवेल की मला हसू येईल. आणि आठवतं की दादा नाही.

माहेरचं म्हणावं असं आता मला तुझ्याशिवाय कुणी नाही. राग करायलाही तूच आणि जवळ बसायलाही तूच. म्हणून ये. रविवारी ये, शनिवारी मला उठवत नाही. दोन दिवस राहा. बोलताना माझ्यासमोर बसून सावकाश बोल, ओठ बघून मला थोडं कळतं.

येताना काही करून आणू नकोस.

हंसा